अभ्यासाची वाटणी

दहावी 'क'च्या मॉनिटरला अख्खी शाळा मुकादम म्हणायची आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर वर्गात ही कोण नवीन मुलगी आली म्हणून तीच मान वळवून बघायची. सहावीपासून हे पद तिच्याकडे होतं. दरवर्षी निवडणूक व्हायची, नाही असं नाही. पण त्या निवडणुकीत "हात वर करा" असं तीच म्हणायची, हात वर न करणाऱ्याला "काय रे, खांदा दुखतोय का?" असं तीच विचारायची आणि निकालही तीच जाहीर करायची. अशा निवडणुकीत हरायला मुद्दाम मेहनत घ्यावी लागते.

कामात मात्र पोरगी वाघीण होती. खडू संपायच्या आत नवे खडू हजर, फळा लख्ख, आणि शिक्षक रजेवर असले तरी वर्गातून चकार शब्द बाहेर जायचा नाही. शिपाईमामा घंटा देण्याआधी एकदा तिच्याकडे बघून घेतात, अशी शाळेत वदंता होती. खरंखोटं शिपाईमामा जाणोत.

तिच्या शेजारी, एकाच बाकावर, पहिलीपासून डुलकी बसायची. हे नाव का पडलं ते सांगायला नको. सकाळच्या प्रार्थनेला उभ्या उभ्या, प्रयोगशाळेत स्टुलावर, कुठेही तिचा डोळा लागायचा. एकदा धावण्याच्या शर्यतीत सुरुवातीच्या रेषेवर वाकल्या वाकल्या लागला होता. शिट्टी झाली, बाकीच्या मुली पोचून पाणीसुद्धा प्यायल्या, ही तिथेच वाकलेली. मुकादमचं डावं कोपर हाच तिचा गजर. सरांचं लक्ष जायच्या आत ते कोपर बरगडीत बसायचं, की डुलकी ताठ बसून "हो सर" म्हणायची, मग प्रश्न काहीही असो.

तर या वर्गावर एक दिवस संकट आलं. सहामाहीत विज्ञानात 'क'चा निकाल शाळेत सगळ्यात खाली लागला आणि मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, स्वतः वर्गात आल्या. त्या कधी ओरडत नसत. ओरडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, थोड्या वेळाने त्याचा घसा दुखतो. मोठ्या बाई हळू बोलत आणि त्यांचा घसा कधीच दुखत नसे.

"सराव परीक्षेत विज्ञानात शेवटचे जे पाच येतील," त्या म्हणाल्या, "ते बोर्डाच्या परीक्षेपर्यंत या वर्गात बसणार नाहीत. वर टाकीजवळची खोली आहे, तिथे बसतील. शिकवायला मी असेन."

सगळ्या वर्गाने एकदम डुलकीकडे बघितलं. पाचांतले चार कोण यावर वाद झाला असता, पण पहिल्या नावाबद्दल एकमत होतं. कोपर बसल्यामुळे डुलकी नुकतीच जागी झाली होती. ती म्हणाली, "हो बाई."

मधल्या सुट्टीत डबा उघडताना मात्र तिचा चेहरा उतरलेला होता.

"मुकादम, मी वर गेले तर मला उठवणार कोण गं?"

मुकादमने हातातला घास परत डब्यात ठेवला. नऊ वर्षं शेजारी बसलेलं माणूस जिना चढून जाणार आणि आपल्या डाव्या कोपराला काही कामच उरणार नाही, हा विचार तिला सहन होईना. तिने डब्याचं झाकण असं आपटून लावलं, की शेजारच्या बाकावरच्यांनी बोलणं थांबवलं.

"कुणी वर जाणार नाही," ती म्हणाली. "वर्ग फुटणार नाही. मी बघते."

ती बघते म्हणाली की वर्ग निर्धास्त व्हायचा. पण बघायचं काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं. उत्तर सापडलं ते घरी.

तिच्या बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. बाबा कापड बेतायचे आणि कापायचे. काका मशीनवर बसून बाह्या आणि कॉलर जोडायचे. आई काजं-बटणं करून इस्त्री मारायची. बाबांना बटण लावता येत नव्हतं, लावलं तर दोन दिवसांत गिऱ्हाइकाच्या हातात यायचं. काकांनी कात्री धरली तर शर्टाची पिशवी व्हायची. पण तिघांच्या हातांखालून शर्ट असा निघायचा की घालणारा आरशापुढून हलायचा नाही.

त्या संध्याकाळी मुकादम दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होती. रोजचंच दृश्य, पण आज तिच्या डोक्यात उजेड पडला. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ही म्हण शिंप्याच्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. एकाने दहा धडे अर्धे-कच्चे करायचे, ह्या चिंध्या. एकाने एकच धडा करायचा, पण धड करायचा!

दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला तिने फळ्याचा ताबा घेतला. विज्ञानाचे धडे दहा. वर्गाचे पाडले दहा गट, बाकांप्रमाणे. खिडकीजवळच्यांना भिंगं. दाराजवळच्यांना वीज. मागच्या बाकांना धातू आणि गंज. कुणाला उष्णता, कुणाला आम्लं, कुणाला गुरुत्वाकर्षण. तिच्या स्वतःच्या बाकाला आणि त्याच्या लगेच मागच्या बाकाला आलं हृदय.

"आपापला धडा नखशिखांत करायचा," ती म्हणाली. "स्वल्पविरामसुद्धा सुटता कामा नये. मग पाळीपाळीने दुपारच्या ऑफ तासाला बाकीच्यांना शिकवायचा. समजलं?"

वर्गाला त्यातलं 'आपापला धडा' एवढंच नीट ऐकू आलं. दहातले नऊ धडे डोक्यावरून उतरले म्हटल्यावर पुढचं कोण ऐकतो? टाळ्या वाजल्या. तेवढ्यात शंकासूर उभा राहिला. या मुलाला जेवणाच्या ताटावरही शंका यायची.

"आणि तू कुठला धडा करणार?"

"मी देखरेख करणार."

"देखरेखीवर किती मार्कांचा प्रश्न येतो?"

"खाली बस."

शंकासूर खाली बसला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर वर्गाला पुढे मिळणार होतं, पण तेव्हा सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्याने मुकादम हसली.

तर अशी वाटणी झाली आणि वर्गाचा नूरच पालटला. एरवी विज्ञानाच्या पुस्तकाकडे ढुंकून न बघणारी पोरं आपापल्या धड्यावर तुटून पडली. भिंगवाल्यांनी घरातल्या आजी-आजोबांचे चष्मे दप्तरातून आणले, त्यामुळे काही घरांत दिवसभर वर्तमानपत्रं बंद राहिली. गंजवाल्यांनी खिडकीत पाण्याच्या पेल्यांत खिळे बुडवून ठेवले आणि त्यांची तब्येत रोज सकाळी पाहुण्यासारखी विचारायला लागले. वीजवाल्यांनी एक घंटी जोडली. ती नको तेव्हा वाजायची, हवी तेव्हा वाजायची नाही, पण ते त्यामागचं कारण अचूक सांगायचे.

मुकादम बाकांमधून हात मागे बांधून फिरायची. "भिंग, आवाज कमी. गंज, पाणी सांडलंय ते पुसा. उष्णता, तुमचा एक जण कुठाय?" उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते बघायला तेव्हा दहावी 'क'त यायला हवं होतं. स्वतःचं विज्ञानाचं पुस्तक तिने पट्टीसारखं बाकावर आपटण्यापुरतं वापरलं. उघडायला वेळ होता कुठे?

अडचण होती फक्त डुलकीची. हृदयाचा धडा उघडला की तिच्या पापण्या मिटायच्या. "हृदय अखंड काम करतं" या पहिल्याच वाक्याने तिला दमायला व्हायचं. मुकादमने कोपर मारून मारून पाहिलं, शेवटी कोपरच दुखायला लागलं. मग वैतागून तिने खडू घेतला, डुलकीला उठवलं आणि फळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत फरशीवर भलंमोठं हृदय काढायला लावलं. चार कप्पे, दोन वर, दोन खाली.

"आता तू रक्त आहेस," मुकादमने फर्मान काढलं. "चाल. उजव्या वरच्या कप्प्यात शीर. पुढे कुठे ते पुस्तकात बघ आणि चाल. चालता चालता झोपून दाखव बघू!"

डुलकी चालली. वरून खाली, खालून दारापर्यंत, कारण दार म्हणजे फुप्फुसं, दारातून वळून डाव्या कप्प्यात. दुसऱ्या फेरीला तिचे डोळे उघडले. पाचव्या फेरीला पुस्तक मिटलं. आठवड्याभरात ती इतकी रंगली, की मधल्या सुट्टीत येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून रक्त करायची. दोन कप्प्यांच्या मध्ये झडप म्हणून स्वतः उभी राहायची आणि कुणी चुकून मागे वळलं तर पाठीत कोपर घालून ओरडायची, "ए, मागे यायचं नाही! झडप आहे इथे!"

मुकादमने हे सगळं कौतुकाने पाहिलं. फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांनी खडूच्या रेघा पुसू नयेत म्हणून ती त्यांच्यावर खेकसायची. स्वतः मात्र एकदाही त्या हृदयात शिरली नाही. मुकादमाने का कुठे विटा उचलायच्या असतात?

पाळीपाळीने शिकवण्याचा कार्यक्रमही ठरल्याप्रमाणे पार पडला. म्हणजे भिंगवाले फळ्याजवळ बोलत असताना बाकीचे गट ओठ हलवत आपलाच धडा घोकत बसायचे, आणि गंजवाले बोलायला लागले की भिंगवाले चष्मे पुसत बसायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय तो एकाग्र वर्ग. मुकादमलाही तेच वाटलं. शांतता होती ना? मग झालं तर.

आता इथे विज्ञानाच्या सरांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे वाढला. सर भले माणूस. पण फळ्याकडे तोंड करून शिकवायचे आणि फळ्याकडे तोंड करूनच प्रश्न विचारायचे. उत्तर मागून कुठूनही आलं की "शाब्बास" म्हणून पुढे लिहायला लागायचे. त्यांना उत्तराशी मतलब, तोंडाशी नाही.

त्यांनी विचारलं, "अंतर्वक्र भिंगाने प्रतिमा कशी मिळते?" खिडकीजवळून उत्तर आलं. "लोखंडाला गंज कशाने चढतो?" मागच्या बाकांनी पाठ म्हणून दाखवलं. "शुद्ध रक्त कुठल्या बाजूला?" डुलकी तर प्रश्न संपायच्या आत उभी. सरांचा खडू हवेतच थांबला. इतक्या वर्षांत त्यांच्या "शाब्बास"ला एवढं काम पडलं नव्हतं. त्या आनंदात ते मागे वळायचेही विसरले.

ते थेट मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई वर्गात आल्या, दाराशी उभं राहून त्यांनीही पाच-सहा प्रश्न टाकले. पाच-सहा उत्तरं अशी आली, की बाईंची भुवई वर चढली ती बाहेर पडेपर्यंत खाली आली नाही.

"परीक्षेत बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

वर्ग मात्र हरभऱ्याच्या झाडावर जाऊन बसला. आपल्याला सगळं येतं! कुठलाही प्रश्न विचारा, येतं! मुकादमला तर रस्त्याने चालताना आपली उंची वाढल्यासारखं वाटायचं. "कशी काय जमवलीस गं ही जादू?" म्हणून 'अ'ची मॉनिटर विचारून गेली, तेव्हा तिने हात झटकून म्हटलं, "काही नाही गं. कामं वाटून द्यायची असतात."

त्याच आठवड्यात तिचे काका तापाने आडवे पडले. दुकानात खुंटीवर शर्ट लटकत राहिले. कापलेले, काजं केलेले, बटणं लावलेले, पण बिनबाह्यांचे, बिनकॉलरचे. बाह्या काकांशिवाय कुणाला येत होत्या? एक गिऱ्हाईक लग्नाला जायचं म्हणून घाईने शर्ट घ्यायला आलं. बाबांनी शर्ट पुढे धरला आणि उसनं हसत म्हणाले, "हल्ली उकाडा फार आहे हो."

"अहो, पण हात कुठे घालू?" गिऱ्हाईक म्हणालं.

मुकादम पोट धरधरून हसली आणि दप्तर उचलून शाळेत गेली. आपल्या वर्गात एकोणचाळीस काका तयार झालेत, हे काही त्या पोरीच्या डोक्यात शिरलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असाच असतो. दिव्याला तो दिसत नाही.

सराव परीक्षेच्या दिवशी 'क'चा वर्ग सणाला निघाल्यासारखा आला. दहा धडे, दहा प्रश्न, प्रत्येकाला आठ गुण. पर्यवेक्षणाला चित्रकलेच्या बाई होत्या. प्रश्नपत्रिका वाटल्या गेल्या. पहिला प्रश्न भिंगांवर.

आणि एकदम सगळा वर्ग मान वळवून खिडकीकडे बघायला लागला.

सवयच तशी लागली होती. भिंग म्हटलं की खिडकीजवळचे उठणार. खिडकीजवळचे मात्र उठले नाहीत, ते मान खाली घालून खरडत होते. मग वर्गाने दुसरा प्रश्न वाचला आणि सगळी डोकी दाराकडे वळली. तिसऱ्याला मागे. चौथ्याला पुढे. चित्रकलेच्या बाई आधी दचकल्या, मग उठून खिडकीबाहेर डोकावल्या, मग दाराबाहेर जाऊन बघून आल्या. "काय आहे रे तिकडे?" त्यांनी विचारलं. वर्गाला हळूहळू कळायला लागलं होतं, की तिकडे काय आहे. तिकडे उत्तर होतं आणि ते तिकडेच राहणार होतं.

प्रत्येकाने आपापला प्रश्न असा लिहिला, की पुस्तकाने मान खाली घालावी. मग पेनांची टोपणं बसली. कुणी कोऱ्या पानांना समास आखले. शंकासुराने पुरवणी मागितली, कारण त्याचं आम्ल अजून संपलं नव्हतं.

आणि मुकादम? तिने प्रश्नपत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग शेवटून पहिल्यापर्यंत वाचली. तिला आठवलं, की भिंगवाल्यांचा आवाज मोठा होता. गंजवाल्यांचं पाणी सांडायचं. वीजवाल्यांची घंटी कधी बंद करायला लावली होती, तेही आठवलं. भिंग, गंज आणि वीज म्हणजे काय, हे मात्र तिला माहीत नव्हतं. वर्गातल्या प्रत्येकाकडे निदान एक तरी धडा होता. तिच्याकडे देखरेख होती, आणि परीक्षेत देखरेख चित्रकलेच्या बाई करत होत्या.

बाजूला डुलकी जिवणीच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर काढून हृदय काढत होती. टक्क जागी. मुकादमच्या कोपराची तिला गरजच नव्हती.

निकालाच्या दिवशी सर वर्गात आले आणि चक्क वर्गाकडे तोंड करून बसले. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या.

"दहाही प्रश्नांची उत्तरं बिनचूक आली आहेत," सर थकलेल्या आवाजात म्हणाले. "अशी उत्तरं मी 'अ' वर्गातसुद्धा वाचली नाहीत. फक्त ती एका पेपरात नाहीत. एका पेपरात एकच आहे. तुम्हा सगळ्यांचे पेपर टाचून एक केला, तर ऐंशीपैकी ऐंशी."

"सर," शंकासूर उठला, "मग टाचा ना."

सगळे हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या पुढे आल्या.

"मी शेवटचे पाच म्हटलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "इथे आठवाले आहेत, आठवाले आहेत, आणि आठवालेच आहेत. कुणी एखादा नऊ. शेवटचे पाच काढायला गेले तर अख्खा वर्ग शेवटचा आहे. तेव्हा पाच सोडून देऊ. पण सगळ्यांच्या खाली एक पेपर आहे. तीन गुणांचा."

त्या तिनांतले दोन फरशीवरच्या खडूच्या रेघांचे होते. चार कप्पे असतात, एवढं तिला आठवलं होतं, कारण ते पुसू नका म्हणून ती रोज ओरडायची. तिसरा गुण बहुधा सरांच्या भलेपणाचा.

नाव वाचायच्या आधीच मुकादम उठली. एवढ्या वर्षांत या वर्गाचे सगळे निकाल तिनेच जाहीर केले होते.

"मी आहे, बाई," ती म्हणाली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कुणीतरी म्हणेल म्हणून ती थांबली. कुणी म्हटलं नाही. तेच जास्त लागलं. तिने दप्तर उचललं. डुलकी तिच्याकडे बघत होती, डोळे विस्फारून, पापणीही न लवता.

टाकीजवळची खोली म्हणजे शाळेची अडगळीची जागा. पाय मोडलेल्या खुर्च्या एकमेकींच्या अंगावर, अर्धा फुटलेला पृथ्वीगोल, आणि भिंतीपलीकडे टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज. सकाळचे दोन तास मोठ्या बाई शिकवायच्या आणि मग आपल्या कामाला जायच्या. दुपारभर मुकादम आणि तिचं पुस्तक. पुस्तकाची पानं नव्या नोटांसारखी कोरी करकरीत होती. तिने "शांत बसा" म्हणावं असं तिथे कुणी नव्हतं, खोली आधीच शांत होती. सहावीपासून आपण आवाज बंद करत आलो, आणि आज एखादा आवाज ऐकायला जीव तडफडतोय, असं तिला वाटलं. ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि मग इकडेतिकडे बघून डोळे पुसले, जसं काही ती मोडकी खुर्ची चहाडी करणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. डुलकी उभी होती. गालावर बाकाच्या लाकडाचा लालभडक वळ, हातात खडू.

"दोन तास झोपले," ती रागाने म्हणाली. "दोन तास! कुणी उठवलं नाही. सर फळ्याकडे, बाकीचे आपापल्या धड्यात. घंटा झाली, सगळे डबे खाऊन आले, मी तिथेच."

"इथे कशाला आलीस? बाई ओरडतील."

"बाई ओरडत नाहीत." डुलकीने खुर्च्या भिंतीला ढकलल्या आणि फरशीवर वाकून हृदय काढलं. "चल, ऊठ. तू अशुद्ध रक्त आहेस."

"हे बघ, तो डावा कप्पा तिरपा झालाय, आधी तो नीट—"

"बोलू नकोस. रक्त बोलत नाही. चाल."

मुकादम चालली. पहिल्या फेरीला ती चुकून उलटी वळली आणि पाठीत असं कोपर बसलं, की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "मागे यायचं नाही!" डुलकी म्हणाली. नऊ वर्षांचा हिशेब तिने एका दुपारी चुकता केला असावा. मग मुकादम मधल्या रेघेवर थांबली, घुटमळली, आणि जे वाक्य तिने शाळेत आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं, ते बोलली.

"मला नाही समजलं. परत सांग ना."

डुलकीने परत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भिंगवाले आले. मुकादमला आपलं भिंग यायलाच हवं, असा त्यांचा हट्ट. त्यांच्या मागून गंजवाले खिळे घेऊन आले. मुकादमचा मूळ स्वभाव खोदून खोदून विचारण्याचा. आता तो धड्याकडे वळला. "पण का?" असं ती इतक्या वेळा विचारायची, की भिंगवाल्यांना स्वतःच्या भिंगातलं काय कळत नव्हतं ते कळलं. पाळीची वाट बघत जिन्यावर बसलेले गट करणार काय? ऐकत बसायचे. आणि आतल्या फरशीवर जागा झाली, की डुलकी त्यांना ओढून रक्त करायची.

एक दिवस विज्ञानाच्या सरांनी खाली 'क'च्या वर्गात तास सुरू केला. फळ्यावर आकृती काढली, फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारला. उत्तर नाही. पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा ते मागे वळले, तर रिकामी बाकं.

ते धावत मोठ्या बाईंकडे गेले आणि दोघं जिना चढून वर आले. टाकीजवळच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्यांवर, खिडकीत, पृथ्वीगोलाच्या आजूबाजूला 'क'चा अख्खा वर्ग. गंजवाला भिंगाबद्दल बोलत होता आणि भिंगवाला त्याची चूक काढत होता. मोठ्या बाई दारातच थांबल्या. त्यांना बघून आवाज बंद झाला.

"मी इथे एकीला पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "या वर्गाची मॉनिटर कोण?"

सवयीने सगळ्यांच्या माना मुकादमकडे वळल्या. ती फरशीवर उजव्या खालच्या कप्प्यात उभी होती.

"ते नंतर बघू, बाई," मुकादम म्हणाली. "मी सध्या रक्त आहे."

"आणि बाई, तुम्ही फुप्फुसात उभ्या आहात," डुलकी झडपेतून म्हणाली. "तिला जायला वाट द्या ना."

सरांनी डोळे मिटून घेतले. मोठ्या बाईंनी फरशीवरच्या चार कप्प्यांकडे बघितलं, मुकादमकडे बघितलं. त्यांची भुवई वर गेली, आणि मग त्या बाजूला सरकल्या.

"इथून रक्त शुद्ध होऊन कुठे जातं?" त्यांनी विचारलं.

एरवी डुलकी ओरडली असती. या वेळी अख्ख्या वर्गाने एकदम सांगितलं, डावीकडे.

"डावीकडे जिना आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "सगळं रक्त खाली आपल्या वर्गात जाऊ दे."

मुकादम पुढे निघाली. तिच्या मागे सगळा वर्ग, चष्मे, खिळे, घंटी आणि गलका. जिन्याच्या वळणावर ती जुन्या सवयीने थांबली, मागे वळली आणि "रांगेत या" म्हणायला तिने तोंड उघडलं.

तेवढ्यात डुलकीचं कोपर तिच्या पाठीत बसलं.

"चल की," डुलकी म्हणाली. "मागे वळायचं नाही."